दिघ्यांच्या फ्रिजमधलं इन्सुलिन

संक्रांतीनंतरच्या रविवारी अकरा नळ्यांपैकी सात विटकरी झाल्या.

मी नळ्या स्टँडमध्ये ओळीने लावल्या. समोर सतरंजीवर मंडळाची माणसं बसली होती. रंगाचा अर्थ त्या सगळ्यांना कळत होता, कारण तो आम्हीच शिकवला होता.

तेव्हा घरी रक्तातली साखर मोजायचं मशीन नव्हतं. लघवी तपासायची. काचेच्या नळीत बेनेडिक्टचं निळं औषध पाच सीसी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर उकळायची. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं म्हणजे थोडी. मग पिवळं, नारिंगी, आणि विटकरी म्हणजे भरपूर.

मंडळाचे सेक्रेटरी दिघे साहेब पुढे आले, नळ्यांकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले की तिळगुळाने आपलं काम केलं आहे. लोक हसले. मीही हसले. इंदूरच्या माणसाला गोड सोडायला सांगायचं म्हणजे काय असतं, ते मला ठाऊक होतं. सकाळी पोह्यांबरोबर जिलेबी नसेल तर त्याला नाश्ता झाला असं वाटतच नाही.

पण पुढच्या रविवारीही त्याच सात जणांच्या नळ्या विटकरी झाल्या. तेव्हा कोणी हसलं नाही.

मध्य प्रदेश होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. मी शहरातल्या एका सरकारी इस्पितळात लॅब टेक्निशियन होते. माझे आजोबा पलटणीत होते, वडील महूला छावणीच्या ऑफिसात क्लार्क. घरातली लॅबमध्ये गेलेली मी पहिलीच. आमचे डॉक्टर मुळ्ये यांनी डायबिटीसच्या पेशंटांसाठी मंडळ काढलं होतं. तेच तेच पेशंट तेच तेच पाय घेऊन परत येतात, म्हणजे त्यांना औषध मिळतंय पण समज मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. छत्रीबागेतल्या एका शाळेने रविवारी सकाळी एक खोली दिली होती. तिथे आम्ही काय खायचं, जखम कशी बघायची, सिरिंज कशी उकळायची हे शिकवायचो. मी नळ्या तपासायची आणि वहीत रंग लिहायची.

इन्सुलिनची अडचण वेगळी होती. ते गार ठेवावं लागतं आणि फ्रिज कोणाकडे नव्हता. शाळेच्याच गल्लीत दिघे साहेबांचं घर होतं आणि त्यांच्याकडे होता. दिघे साहेब संस्थानी काळात दफ्तरात मोठ्या हुद्द्यावर होते. डायबिटीस त्यांनाही होता, पण गोळ्यांवर भागत होतं. ज्या सात मेंबरांना इन्सुलिन लागायचं, त्यांच्या बाटल्या ते आपल्या फ्रिजमध्ये ठेवून घ्यायचे. प्रत्येक बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर शाईने नाव. सातही जण रोज सकाळी साडेसातला त्यांच्या ओसरीवर यायचे. भागीरथ नावाचा कंपाउंडर त्यांना सुई लावायचा आणि मग सायकलने सांवेर रोडवरच्या कारखान्यात आपल्या ड्यूटीवर जायचा.

त्या काळच्या फ्रिजला कुलूप असायचं. त्याची एक चाबी दिघे साहेबांकडे होती आणि एक माझ्याकडे, कारण रविवारी ते सभेत असताना मी बाटल्या काढायची. त्या घरात माझा वावर ओसरीवरून फ्रिजपर्यंत आणि फ्रिजपासून ओसरीपर्यंत, एवढाच होता.

डिसेंबरात एक नवी बाटली दिसेनाशी झाली. पागनीस मास्तरांची. मास्तर म्हणजे रिटायर झालेले ड्रॉइंग टीचर, एकटे राहणारे, अगदी शांत माणूस. त्यांनी दुसरी आणली, तक्रार केली नाही. चार दिवसांनी दिघे साहेब मला म्हणाले, "सोनवणे बाई, तुमची चाबी जरा घासली आहे. द्या, दुसरी करून आणतो." मी दिली. दुसरी आली नाही. रविवारी बाटल्या आधीच बाहेर काढून ठेवलेल्या असायच्या.

मला समजायचं ते समजलं. पण बोलणार काय? कोणी मला चोर म्हटलंच नव्हतं. फक्त चाबी घासली होती.

तर, त्या दुसऱ्या रविवारी मी घरी जाऊन वही काढली. सात विटकरी नळ्या. सातही जण इन्सुलिनवाले, सगळ्यांच्या बाटल्या त्याच फ्रिजमधल्या. गोळ्यांवरच्या चौघांच्या नळ्या नेहमीसारख्याच, हिरव्या नाहीतर निळ्या. तिळगूळ तर त्यांनीही खाल्ला असणार. म्हणजे गडबड खाण्यात नव्हती, बाटलीत होती.

बाटली फ्रिजमधून निघून दंडात जाईपर्यंत दोनच माणसांच्या हाती असायची. एक दिघे साहेब. दुसरा भागीरथ.

खरं सांगायचं तर मी दिघे साहेबांचा विचार एक मिनिटही केला नाही. चाबी काढून घेतली म्हणून मनात सल होता, तरीही नाही. त्यांच्या घरी काय कमी होतं? भागीरथवर मात्र माझी नजर लगेच गेली. त्याला इन्सुलिन बाहेर विकता आलं असतं. अर्धं काढायचं, तेवढंच पाणी घालायचं, कोणाला कळणार? एक बाटली तर गेलीच होती.

सोमवारी सकाळी मी मुद्दाम ओसरीवर गेले आणि बाटल्या हातात घेऊन बघितल्या. पट्ट्यांवरची शाई पसरली होती. दोन नावं धड वाचता येत नव्हती. कोणीतरी पट्ट्या ओल्या करून काढल्या आणि परत लावल्या आहेत, असं मी धरून चालले. तेवढ्यात भागीरथच जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बेनजी, आठ-दस दिन से दवाई में दाने आ रहे हैं. हिलाने पर भी घुलते नहीं. आप डॉक्टर साब से पूछो ना."

मी त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, हा आधीच सफाई देऊन ठेवतोय. पकडला गेलो तर म्हणायला मोकळा की मी सांगितलं होतं. कसले दाने, दाखव, असं मी विचारलं नाही. बाटली उजेडात धरली नाही. "बघते," म्हटलं आणि निघाले.

त्याच दिवशी दुपारी मी डॉक्टर मुळ्यांना सगळं सांगितलं. सात नळ्या, पसरलेली शाई, गेलेली बाटली, आणि भागीरथ. डॉक्टरांनी पुरावा विचारला. मी म्हटलं, पुरावा नाही, पण दुसरं कोण असणार? मग ते म्हणाले की पेशंटांशी खेळ नको, काही दिवस त्याला थांबवू.

थांबवायचं काम दिघे साहेबांनी केलं. त्यांनी कारण दिलं की नाही मला माहीत नाही. नंतर कळलं की भागीरथने आपली सुया उकळायची पातेली पुसली, पिशवीत टाकली आणि सायकल काढली.

आता सुई लावणार कोण? मी म्हटलं, मी लावते. इस्पितळाची ड्यूटी नऊला असायची. मी साडेसातला ओसरीवर हजर व्हायला लागले. बाटल्या टेबलावर तयार असायच्या. ओसरीवर उजेड कमी, थंडीत अंगावर शाल, आणि सात जणांना झटपट मोकळं करायचं. इन्सुलिन दोन प्रकारचं असतं. एक पाण्यासारखं नितळ, एक दुधासारखं पांढरं. दुधाळ दिवसभर पुरतं, म्हणून आमच्या लोकांना तेच होतं. ते घेण्याआधी बाटली दोन तळव्यांत फिरवायची, म्हणजे खाली बसलेलं वर येतं. मी फिरवायची आणि सिरिंजमध्ये ओढायची. माझं लक्ष बाटलीकडे नव्हतंच. गुन्हेगार गेला होता, आता बघायचं काय होतं?

पाचव्या दिवशी पागनीस मास्तर ओसरीवर आले नाहीत. मी ड्यूटीवर पोहोचले तर ते आमच्याच इस्पितळात होते. शेजाऱ्यांनी टांग्यातून आणलं होतं. उलट्या, जीभ कोरडी, श्वास खोल आणि भराभर, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. साखर फार वाढली आणि शरीराला इन्सुलिन मिळालं नाही की हा वास येतो. त्यापुढे बेशुद्धी असते, आणि बेशुद्धीतून परत येणारे थोडे असतात. लॅबमध्ये त्यांची नळी मीच उकळली. उकळी यायच्या आधीच रंग बदलला.

चार दिवस त्यांना मी माझ्या हाताने सुई दिली होती.

दिघे साहेब दुपारी आले. वॉर्डाच्या व्हरांड्यात आम्ही समोरासमोर उभे राहिलो. त्यांनी मास्तरांची चौकशी केली, मग माझ्याकडे न बघता विचारलं, "डोस बरोबर दिला होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

"नाही, विचारलं आपलं."

इतकंच. पण मला एकदम कळलं की मी भागीरथच्या जागी उभी आहे. आठ दिवसांपूर्वी मी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं होतं, तीच नजर आता माझ्यावर होती. भागीरथ नसताना नळ्या विटकरीच राहिल्या होत्या, मास्तर तर मरणाच्या दारात होते. मग पाणी घालत कोण होतं?

मी डॉक्टरांना सांगून मास्तरांची बाटली ओसरीवरून आणवली आणि खिडकीत उजेडात धरली. पहिल्यांदा. दुधात लिंबू पिळल्यावर सुरुवातीला जे होतं, तसे बारीक पांढरे कण त्यात होते. तळव्यांत फिरवली, उलटी केली, थांबले, परत फिरवली. कण विरघळेनात. काही काचेला चिकटून राहिले. भागीरथने बरोबर तेच शब्द वापरले होते. दाने. घुलते नहीं.

डॉक्टरांनी बाकीच्या सहा जणांना तूर्त इस्पितळातल्या बाटलीतून सुई द्यायला सांगितलं आणि मग ते म्हणाले, "सोनवणे, माणसांची यादी पुरे. आता बाटलीला काय काय होऊ शकतं, त्याची यादी कर."

पाणी घातलं गेलं असेल. गरम झालं असेल. फार गार झालं असेल. जानेवारीत इंदूरला बाटली गरम व्हायचं काही कारण नव्हतं. इस्पितळात तारीख उलटलेल्या दोन बाटल्या फेकायच्या होत्या, त्याच कंपनीच्या, त्याच दुधाळ इन्सुलिनच्या. एकीतून थोडं काढून मी पाणी घातलं. दूध पातळ झालं, पण कण आले नाहीत. दुसरीवर शाईने लिहिलेली पट्टी लावून ती मी लॅबच्या फ्रिजमध्ये वर बर्फाच्या खान्यात ठेवली. नुसती यादी पुरी करायला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली दगडासारखी होती. टेबलावर ठेवली, सुटली, तळव्यांत फिरवली.

पांढरे कण. काचेला चिकटलेले. माझ्याच हातची पट्टी ओली होऊन शाई पसरलेली.

मी ती बाटली आणि मास्तरांची बाटली शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. इन्सुलिन एकदा गोठलं की परत सुटलं तरी त्याचा भरवसा नाही. कधी थोडं काम करतं, कधी काहीच नाही. ही गोष्ट मला माहीत होती, डॉक्टरांना माहीत होती. वर्गात आम्ही तीन वर्षं फक्त एवढंच सांगत आलो होतो की इन्सुलिन गार ठेवा. किती गार, हे कोणी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

तरी एक शंका राहिलीच होती. मी स्वतः त्या फ्रिजमध्ये बाटल्या ठेवलेल्या होत्या, मधल्या फळीवर. त्या बर्फात गेल्या कशा?

दुसऱ्या दिवशी मी साडेसातच्या ऐवजी पावणेसातला गेले. कोणाला सांगितलं नाही. मागचं दार उघडं होतं. दिघे साहेबांच्या पत्नी, त्यांना सगळे माई म्हणत, फ्रिजसमोर उभ्या होत्या. वरचं बर्फाच्या खान्याचं लहान दार उघडून त्यांनी आतून पेढ्यांचा एक पत्र्याचा डबा ओढून काढला. डब्यावर बर्फाचा पापुद्रा होता. तो त्यांनी पदरात धरून अंगणात आणला आणि बंबाजवळ उबेला ठेवला. मला बघून त्या दचकल्या नाहीत.

"आज लवकर?" त्या म्हणाल्या. "थोडं थांबा. रोज असंच जरा उबेला ठेवायला लागतं, तेव्हा कुठे बाटल्या सुटतात."

मी डबा उघडला. सहा बाटल्या, पांढऱ्या, गच्च.

एवढ्यात दिघे साहेब आले. माझ्या हातातला डबा बघून ते उंबऱ्यातच थांबले. मी विचारलं, "बर्फाच्या खान्यात कोणी ठेवल्या?"

"मी."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आसपास. ती बाटली गेली, तेव्हापासूनच मनात होतं." मग माईंना त्यांनी आत जायला सांगितलं. त्या गेल्या नाहीत. "सोनवणे बाई, चाबी दोघांकडे होती. बाटली मी घेतली नव्हती. चाबी वापस घेतली तरी तिची नक्कल होऊ शकते. डब्यात कोणी बघणार नाही असं वाटलं. आणि गारच ठेवायचं असतं ना? तिथे जास्त गार."

ते हे सगळं शांतपणे बोलले. माणूस लबाड नव्हता. बाटल्या सांभाळायच्या म्हणून माझ्यापासून लपवल्या होत्या, आणि लपवून मारल्या होत्या. मला संताप यायला हवा होता. नंतर आला, चांगला दोन-तीन महिने पुरला. पण त्या वेळी डोळ्यांसमोर भागीरथ आला. मला ह्यांनी चाबी काढून घेऊन घालवलं होतं. त्याला मी घालवलं होतं, आणि तेही त्याने खरं सांगितल्यावर.

मी डबा त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं की हे सगळं फेकायचं आहे, आणि का फेकलं ते रविवारी तुम्ही सांगायचं आहे. नाही तर मी सांगेन. दिघे साहेब म्हणाले की कमिटीत विचार करू. तेव्हा माईच म्हणाल्या, "कमिटी कशाला? घरातलं आहे, मीच सांगते."

रविवारी दिघे साहेबांनीच सांगितलं. उभे राहून, लहान वाक्यांत. माझं नाव घेतलं नाही, संशयाचा शब्द काढला नाही, "सुरक्षिततेच्या दृष्टीने" असं म्हणाले. पण चूक आपली असं म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाकडून मला तेवढीही अपेक्षा नव्हती. मग डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं की इन्सुलिन गार ठेवावं, गोठवू नये, आणि कण दिसले तर घेऊ नये. नव्या बाटल्या आल्या. दोन आठवड्यांत सातांपैकी पाच नळ्या हिरव्यावर आल्या.

मास्तर वाचले. अकरा दिवस वॉर्डात होते. घरी गेल्यावर मात्र मंडळात परत आले नाहीत. मी दोनदा गेले, त्यांनी चहा दिला, बिनसाखरेचा, आणि बाटल्या आता मी माझ्याच घरी माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवतो म्हणाले. मी तापमानाचं सांगायला लागले, तर हात जोडून म्हणाले, "बाई, माझी मी बघीन." आणखी एक मेंबर सुई सोडून कुठल्याशा पुडीवाल्याकडे गेला. त्याला आम्ही परत आणू शकलो नाही.

भागीरथकडे मी सांवेर रोडला गेले. कारखान्याच्या दवाखान्यात तो एका कामगाराच्या बोटाला पट्टी बांधत होता. ती पुरी होईपर्यंत मला थांबवलं. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि डॉक्टरांकडे तुमचं नाव मी घेतलं होतं, हेही सांगितलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. तो दिघे साहेबांना दोष देत होता.

"मैंने तो आप ही को बोला था, बेनजी," तो म्हणाला. "इसीलिए बोला था कि आप लेबोरेटरी वाली हो."

मी माफी मागितली. त्याने मान हलवली, ती हो म्हणून की जाऊ द्या म्हणून, मला समजलं नाही. महिन्याभराने तो ओसरीवर परत आला, पण एक अट घालून. सुई भरण्याआधी ज्याची बाटली त्याने स्वतः हातात घ्यायची, उजेडात बघायची आणि मग द्यायची. मी किंवा कंपाउंडर काय म्हणतो त्यावर जायचं नाही. ती सवय मंडळात पुढे कायम राहिली आणि मंडळाने शिकवलेल्या गोष्टींत मला ती सगळ्यात कामाची वाटते. ती आमच्या डोक्यातून आलेली नाही.

डिसेंबरातली ती बाटली कुठे गेली, ते आजवर कळलेलं नाही.

नंतर मी तीस वर्षं लॅबमध्ये काढली आणि कितीतरी मुलामुलींना काम शिकवलं. लॅबच्या नळीवर पेशंटचं नाव नसतं, नंबर असतो. कोणाचं आहे हे माहीत असलं की डोळा आपल्याला हवं ते बघतो, म्हणून तसं करायचं असतं. हे मी प्रत्येक बॅचला सांगायची. त्यांना ते सोपं वाटायचं. नळीच्या बाबतीत सोपंच आहे. भागीरथने दाने आहेत असं सांगितलं, तेव्हा मी नाव आधी वाचलं होतं.